विश्लेषण : भूजलाला नियम देणारे हेन्री डार्सी कोण होते? चुनखडीत त्यांचा नियम अपुरा का पडतो?

जमिनीखाली पाणी किती वेगाने वाहते, याचा हिशेब जगभर फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी यांच्या नियमाने केला जातो. मात्र त्यांनी स्वतःच्या शहरासाठी ज्या झऱ्याचे पाणी आणले, त्या चुनखडीच्या खडकात हा नियम एकटा पुरत नाही.

डिजाँला पाणी कसे मिळाले?

डार्सी यांचा जन्म १० जून १८०३ रोजी डिजाँ शहरात झाला. वयाच्या १४व्या वर्षी वडील वारले. आईने शिक्षण थांबू दिले नाही. पॅरिसमध्ये अभियांत्रिकी शिकून ते गावी परतले. तेव्हा डिजाँचे पाणी अतिशय अस्वच्छ होते. डार्सी यांनी रोझ्वार झऱ्यापासून सुमारे १२.७ किलोमीटरचा झाकलेला कालवा बांधला. १८४० मध्ये पंपाशिवाय, केवळ उताराने पाणी शहरात पोहोचले. या कामाचे मानधन त्यांनी नाकारले.

नियम कसा सापडला?

१८४८च्या क्रांतीनंतर त्यांना डिजाँ सोडावे लागले. पुढे पॅरिसच्या पाणीपुरवठ्याची जबाबदारी आली, पण प्रकृती ढासळली. १८५५-५६ मध्ये डिजाँतील रुग्णालयाच्या आवारात त्यांनी वाळू भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून मोजमापे घेतली. पाण्याच्या दाबातील फरक दुप्पट केला, की प्रवाहही दुप्पट होतो. वाळूचा थर दुप्पट लांब केला, की प्रवाह निम्मा होतो. १८५६ मध्ये हा नियम प्रसिद्ध झाला. ३ जानेवारी १८५८ रोजी, वयाच्या ५४व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

चुनखडीत काय वेगळे?

पावसाचे पाणी मातीतील कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी होते. ते भेगांमधून झिरपत चुनखडी विरघळवते आणि हजारो वर्षांत भुयारी वाटा तयार होतात. अशा खडकाला 'कार्स्ट' म्हणतात. बारीक छिद्रांत पाणी संथ असते, तिथे डार्सींचा नियम चालतो. भुयारात ते खळाळते. तिथे दाबातील फरक चौपट केला तरी प्रवाह जेमतेम दुप्पट होतो.

म्हणून संगणकीय प्रारूपात दोन्ही हिशेब जोडावे लागतात. छिद्रांसाठी डार्सी यांचा नियम, तर भुयारांसाठी नळातील घर्षणाचे सूत्र. विशेष म्हणजे नळांवरील प्रयोगही डार्सी यांनी केले होते. ते सूत्र डार्सी-वाइसबाख नावाने ओळखले जाते.

हिशेब चुकला तर?

१९०१ मध्ये फ्रान्समधील पाँतार्लिये येथे मद्य कारखान्याला आग लागली आणि मद्य दू नदीत वाहिले. सुमारे दोन दिवसांनी त्याचा वास कित्येक किलोमीटर दूर लू नदीच्या उगमाशी आला. मद्याऐवजी विषारी रसायन असते, तर? वाळूच्या थरात सावध व्हायला बहुधा वेळ मिळतो. कार्स्टमध्ये तो जेमतेम काही तासांचा किंवा दिवसांचा असतो. झऱ्याभोवतीचा संरक्षित पट्टा किती मोठा ठेवायचा, हे म्हणूनच या हिशेबावर ठरते.