बार्बियानाचे गुरुजी: फादर लोरेंझो मिलानी



वादाचा प्रश्न वर्गात निघाला की ख्रिस्ती शिक्षकाने काय करावे? गप्प बसावे, की आपले मत मुलांच्या गळी उतरवावे? इटलीतील फादर लोरेंझो मिलानी यांनी या दोन्ही वाटा सोडून तिसरी वाट धरली आणि तिची किंमतही मोजली.

२७ मे १९२३ रोजी फ्लॉरेन्समधील एका श्रीमंत, सुशिक्षित घरात त्यांचा जन्म झाला. घरात धर्माचरण फारसे नव्हते. विसाव्या वर्षी त्यांना श्रद्धेची ओढ लागली व १९४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. कालेंझानो येथे त्यांनी कामगारांसाठी रात्रशाळा काढली. कॅथोलिक व कम्युनिस्ट दोघांनाही ती आपली वाटावी म्हणून त्यांनी वर्गातील क्रूससुद्धा उतरवला. १९५४ साली त्यांची रवानगी बार्बियाना या डोंगरावरील लहानशा वस्तीत झाली. तेथे ते शेतकऱ्यांच्या मुलांना दिवसभर शिकवीत. वर्तमानपत्र मिळून वाचायचे, अडलेला शब्द समजून घ्यायचा, मगच बोलायचे, असा तेथील शिरस्ता होता.

सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून लष्करी सेवा नाकारणारे तरुण तेव्हा इटलीत तुरुंगात जात. फेब्रुवारी १९६५ मध्ये काही निवृत्त लष्करी धर्मगुरूंनी पत्रक काढून त्यांना भ्याड ठरवले. फादरांनी ते मुलांसोबत वाचले. इटलीने शंभर वर्षांत केलेली युद्धे त्यांनी एकेक करून तपासली. कोणते न्याय्य होते? कोणता हुकूम पाळण्याजोगा होता? मग त्यांनी उत्तर लिहून प्रसिद्ध केले. त्यावरून गुन्ह्याचे समर्थन केल्याचा खटला त्यांच्यावर भरला गेला. कर्करोगामुळे कोर्टात जाता येईना, म्हणून त्यांनी न्यायाधीशांना पत्र धाडले. शिक्षकाने कायद्याचा आदर शिकवावा, पण अन्यायी कायदा बदलण्यासाठी झटायलाही शिकवावे आणि असा कायदा मोडणाऱ्याने शिक्षा भोगायची तयारी ठेवावी, असे त्यांनी त्यात मांडले.

१५ फेब्रुवारी १९६६ रोजी ते निर्दोष सुटले. सरकारी पक्षाने अपील केले. पण त्याचा निकाल लागण्याआधीच, २६ जून १९६७ रोजी, वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांना देवाज्ञा झाली. १९७२ साली इटलीने अशा तरुणांसाठी पर्यायी सेवेचा कायदा केला. २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी बार्बियानाला जाऊन त्यांच्या कबरीजवळ प्रार्थना केली.

फादरांनी स्वतःचे मत कधी लपवले नाही. परंतु मुलांच्या हाती त्यांनी आधी माहिती दिली, शब्द दिले आणि विचार करण्याचे धैर्य दिले. आपले मूल घरी अवघड प्रश्न विचारील, तेव्हा त्याला गप्प करू नका. त्याच्याजवळ बसा, त्याच्याबरोबर सत्य शोधा. विवेकबुद्धी ही देवाची देणगी आहे; तिला वळण लावणे हे आईवडिलांचे आणि शिक्षकांचे पवित्र काम आहे.