कोळसा पुरेना, म्हणून ब्रुनेलनं जगातलं सगळ्यात मोठं जहाज बांधायला घेतलं

फेब्रुवारी १८७०. मुंबईच्या बंदरातून एक अवाढव्य लोखंडी जहाज एडनच्या दिशेनं निघालं. मागे समुद्राच्या तळाशी तारायंत्राची केबल सोडत. नाव ग्रेट ईस्टर्न, लांबी ६९२ फूट.

ते ज्याच्या डोक्यातून निघालं, तो इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल मात्र दहा वर्षांपूर्वीच वारला होता.

ब्रुनेलचा जन्म १८०६ चा, इंग्लंडमधल्या पोर्ट्समथचा. वडील मार्क ब्रुनेल हेही इंजिनिअर. तरुणपणीच तो वडिलांसोबत थेम्स नदीखालच्या बोगद्यावर राबला. पुढे त्यानं ग्रेट वेस्टर्न रेल्वे उभारली, पूल बांधले आणि मग तो जहाजांकडे वळला.

तेव्हा अडचण होती कोळशाची. लांबच्या प्रवासाला लागणारा कोळसा जहाजात मावायचा नाही. ब्रुनेलचा हिशोब सोपा होता. जहाजाची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली, तर पोटातली जागा आठपट होते, पण पाण्याला घासणारा पृष्ठभाग चौपटच वाढतो. म्हणजे जहाज जितकं मोठं, तितका कोळसा जास्त पुरतो. १८५२ च्या सुमारास त्यानं वाटेत कोळसा न भरता थेट ऑस्ट्रेलिया गाठेल अशा जहाजाची पहिली रेखाटनं केली.

पण नुसतं मोठं करून भागत नाही. भंडाऱ्यात वैनगंगेवर चालणारा डोंगा लाटेसोबत अख्खाच वरखाली होतो. सातशे फुटी जहाजाचं तसं नसतं. लाट मधोमध आली की दोन्ही टोकं खाली झुकतात, लाटा टोकांशी आल्या की मधला भाग खचतो. असं सतत वाकून ते मोडू शकतं.

म्हणून ब्रुनेलनं जहाजाकडे पूल म्हणून पाहिलं. रॉबर्ट स्टीफन्सनच्या ब्रिटानिया पुलात लोखंडी पत्र्यांच्या पोकळ नळ्या होत्या. तीच युक्ती त्यानं वापरली. तळाला दुहेरी कवच, मध्ये जवळपास तीन फुटांची पोकळी, वरचा डेकही तसाच दुहेरी, आणि आत उभ्याआडव्या भिंती.

बांधकामानं मात्र सगळ्यांना रडवलं. जहाज पाण्यात ढकलायलाच तीन महिने लागले, त्यात माणसंही गेली. कंपनी कर्जात बुडाली. सप्टेंबर १८५९ मध्ये जहाजावरच ब्रुनेल कोसळला. काही दिवसांतच जहाजावर स्फोट होऊन कामगार मेले. १५ सप्टेंबरला ब्रुनेल गेला. वय फक्त ५३.

प्रवासी वाहतुकीत जहाज तोट्यातच राहिलं. पण १८६२ मध्ये न्यूयॉर्कजवळ खडकावर घासून बाहेरचं कवच ८० फुटांहून जास्त फाटलं, तेव्हा आतलं कवच शाबूत राहिलं आणि जहाज तरलं.

पुढे याच पोटात हजारो मैलांची केबल मावली. १८६६ मध्ये अटलांटिकपार, १८७० मध्ये मुंबईहून एडनला. कोळशासाठी केलेली जागा अशी तारेच्या कामी आली.

आज मोठ्या तेलवाहू जहाजांना दुहेरी कवच असतं.