पाठीला भोक असलेली खुर्ची

सर्वात आधी एक कबुली. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी हा विषय आमच्याकडे दहावीपर्यंत पास होण्यापुरताच होता. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादिकेने लेख मागितला तेव्हा मला घामच फुटला. पण ती माझी रूममेट, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिने काढल्या आहेत. उरलेल्या सगळ्या माझ्या.

लेख एका खुर्चीवर आणि ती बनवणाऱ्या इटालियन माणसावर आहे. त्याचं नाव जो कोलंबो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला श्रीलंका आणि क्रिकेट आठवलं! शिवाय मराठीत 'जो' या नावाची फार पंचाईत होते. 'जो जो होता तो' असलं काहीतरी व्हायला लागतं. म्हणून मी त्याला सरळ कोलंबो म्हणणार आहे.

पण त्याआधी थोडं फाउंड्री शॉपबद्दल. फर्स्ट इयरला लाकडाचा पॅटर्न बनवून वाळूत साचा करायचा असतो, तो तुम्ही सगळ्यांनीच केला असेल. मी माझ्या पॅटर्नवर खूप मेहनत घेतली होती. कडा अगदी सरळ, काटकोनात, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत. वाळू ठोकून बसवली, पॅटर्न वर ओढला आणि साच्याची अख्खी भिंत त्याच्याबरोबर वर आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग शॉपमधल्या काकांनी दाखवलं की पॅटर्नला ड्राफ्टच नाही. म्हणजे तो साच्यातून सहज बाहेर यावा म्हणून बाजूंना जो किंचित उतार द्यावा लागतो, तोच मी दिला नव्हता. गंमत म्हणजे ड्राफ्टची व्याख्या मी परीक्षेत दोन मार्कांना बरोबर लिहून आले होते. आणि जर्नलमधलं माझं ड्रॉइंग बॅचमध्ये सगळ्यात सुंदर होतं. ते बघून एकाने मला सगळ्यांसमोर विचारलं, की तू इथे इंजिनिअरिंग करायला आली आहेस की चित्रं काढायला.

सगळे हसले. मीही हसले. पण ते लागलं, कारण ते खरं होतं. मला फाइन आर्ट्सला जायचं होतं. घरी आई-बाबांशी बरीच वादावादी झाली आणि शेवटी मेकॅनिकलचा फॉर्म भरला. ब्रश आणि रंग ट्रंकेच्या तळाशी गेले. दुसऱ्या सेमिस्टरला एक विषय राहिला तेव्हा तर वाटलं, आपण ना इकडच्या ना तिकडच्या.

त्याच आठवड्यात लायब्ररीत फर्निचरवरचं एक जुनं पुस्तक हाती आलं. त्यात एका पांढऱ्या खुर्चीचा फोटो होता. गुबगुबीत, गोलसर कोपऱ्यांची आणि पाठीला खालच्या बाजूला एक गोल भोक असलेली. मला वाटलं शोभेसाठी असेल. फोटोखाली लिहिलेलं वाचलं तर ते भोक खुर्ची साच्यातून बाहेर काढायला सोपं जावं म्हणून होतं! मी तिथेच उभ्याने पुढचं सगळं वाचून काढलं.

कोलंबोचा जन्म मिलानचा, ३० जुलै १९३०चा. खरं नाव चेझारे. तो आधी ब्रेराच्या कला अकादमीत चित्रकला शिकला आणि मग मिलानच्या पॉलितेक्निकोत आर्किटेक्चर. १९५१च्या सुमारास तो एनरिको बाय वगैरे तरुण चित्रकारांच्या 'न्यूक्लिअर' चळवळीत होता. हिरोशिमानंतरचा काळ, अणुबॉम्बच्या सावलीतली ती चित्रं. थोडक्यात, गडी पक्का चित्रकार होता.

मग १९५९च्या आसपास वडिलांची तब्येत बिघडली. त्यांचा विजेच्या वाहक तारा आणि तसलं सामान बनवण्याचा कारखाना होता. तो चालवायची जबाबदारी कोलंबो आणि त्याचा भाऊ जान्नी यांच्यावर आली. इथे मी थांबले. आता हा माणूस आयुष्यभर हिशेबाच्या वह्या बघत बसणार आणि त्याची कला संपणार, असंच मला वाटलं. आपल्याकडच्या गोष्टी अशाच संपतात ना!

पण झालं उलटंच. त्या कारखान्यात त्याला प्लास्टिक भेटलं. विजेच्या सामानात प्लास्टिक लागतंच, आणि कोलंबोने तिथेच त्याचे प्रयोग सुरू केले. १९६२च्या सुमारास त्याने मिलानमध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला. त्याच वर्षी दोघा भावांनी मिळून ओलूचे कंपनीसाठी 'अक्रिलिका' नावाचा टेबललॅम्प केला. त्यात ट्यूबलाइट तळातल्या डब्यात लपवलेली असते आणि वर जाड, पारदर्शक ॲक्रिलिकचं एक वळण. प्रकाश त्या वळणातून आतल्या आत परावर्तित होत टोकाशी जातो आणि तिथली कड उजळते. फिजिक्समध्ये आपण टोटल इंटर्नल रिफ्लेक्शनचे सम्स सोडवले, त्याचा या माणसाने लॅम्प केला! १९६४च्या मिलान त्रिएनालेत त्याला सुवर्णपदक मिळालं. भाऊ जान्नीही पुढे मोठा शिल्पकार झाला. १९६८ला व्हेनिसच्या बिएनालेत त्याला बक्षीस मिळालं.

आता कार्टेलबद्दल सांगायला हवं, कारण खुर्ची त्यांची. कार्टेल ही मिलानची कंपनी १९४९ साली जुलिओ कास्तेल्ली याने काढली. तो केमिकल इंजिनिअर होता. (केमिकलवाल्यांनो, लक्ष द्या!) त्याचे प्रोफेसर होते जुलिओ नाता. यांनी १९५४ मध्ये पॉलिप्रॉपिलीन बनवलं आणि १९६३ मध्ये त्यांना झिगलरबरोबर नोबेल मिळालं. कार्टेलची पहिली वस्तू मात्र फर्निचर नव्हती. ते होतं मोटारीच्या टपावर स्की बांधायचं स्टँड! मग आल्या बादल्या, टब, डबे, लिंबू पिळायची भांडी. यातली बरीच जिनो कोलोंबिनीने डिझाइन केली होती. त्याच्या एका झाकणाच्या बादलीला १९५५ मध्ये 'कोंपासो दोरो' हे इटलीचं डिझाइनमधलं मोठं पारितोषिक मिळालं. बादलीला! आपल्या बाथरूमसमोरच्या रांगेतल्या बादल्यांकडे आपण कधी या नजरेने बघितलंय का?

घरातल्या फर्निचरचा विभाग कार्टेलने १९६३ मध्ये सुरू केला. पुढच्याच वर्षी त्सानुसो आणि सापर या जोडीने लहान मुलांची अख्खी प्लास्टिकची खुर्ची केली. पण मुलाचं वजन वेगळं आणि सत्तर-ऐंशी किलोचा माणूस वेगळा. मोठ्यांची खुर्ची अजून कोणी इंजेक्शन मोल्डिंगने केली नव्हती.

कोलंबोने कार्टेलसाठी पहिली खुर्ची केली, ४८०१ नंबरची, ती चक्क लाकडाची होती. प्लायवूडचे तीन वाकवलेले तुकडे एकमेकांत अडकवायचे, की झाली खुर्ची. तिचे गोलवे बघितले की कळतं की आकार प्लास्टिकचा आहे, फक्त मटेरिअल लाकूड आहे. कारण तेव्हा तसं प्लास्टिक आणि तसा साचा जमत नव्हता. कार्टेलने तीच खुर्ची २०११ मध्ये पारदर्शक ॲक्रिलिकमध्ये काढली. म्हणजे आकार जन्माला आल्यावर योग्य मटेरिअल मिळायला जवळजवळ पन्नास वर्षं गेली.

दुसऱ्या खुर्चीवर तो १९६५ पासून काम करत होता. आधी विचार ॲल्युमिनिअमचा होता, मग ठरलं एबीएस प्लास्टिक. ती १९६७ मध्ये बाजारात आली, नंबर ४८६७, नाव 'युनिव्हर्साले'. मोठ्या माणसांसाठी इंजेक्शन मोल्डिंगने बनलेली ही पहिली खुर्ची मानली जाते.

इंजेक्शन मोल्डिंग म्हणजे, ज्यांनी अजून मशीन बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, प्लास्टिकचे दाणे हॉपरमध्ये टाकायचे, गरम बॅरलमध्ये ते वितळतात, स्क्रू तो रस जोरात स्टीलच्या बंद साच्यात ढकलतो, रस थंड होतो, साचा उघडतो आणि वस्तू बाहेर पडते. ऐकायला सोपं आहे. पण साचा अफाट महाग असतो. एकदा स्टील कोरलं की चूक दुरुस्त करणं कठीण. भिंत जाड झाली तर थंड होताना पृष्ठभाग आत बसतो, पातळ झाली तर बसल्यावर मोडते. आणि सगळं जमलं तरी वस्तू साच्याला चिकटून बसली तर काय उपयोग? माझी वाळूची भिंत आठवा.

तेच ते भोक. कोलंबोने ते लपवलं नाही. गोल केलं, नीट जागेवर बसवलं, आणि आज लोक ती खुर्ची त्या भोकावरूनच ओळखतात. खुर्ची उचलायला बोटं घालायची सोयही तिथेच झाली. पाय त्याने वेगळे ठेवले. त्यामुळे साचा आटोपशीर झाला, आणि पाय बदलून कमी-जास्त उंचीची खुर्ची करता येऊ लागली. खुर्च्या एकावर एक रचताही येतात. पुढे तीच खुर्ची नायलॉनमध्ये आणि नंतर पॉलिप्रॉपिलीनमध्ये निघाली. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियमच्या संग्रहातही ती आहे.

कोलंबोची बाकीची कामं वाचताना तर मला वाटलं की हा आपल्या हॉस्टेलमध्ये राहून गेलाय. १९६३ मध्ये त्याने बोफी कंपनीसाठी चाकांवरचं छोटं स्वयंपाकघर केलं. एका पेटाऱ्यात शेगडी, फ्रीज, खण आणि भाजी चिरायचा पाट! (आपल्या रेक्टर मॅडम आपली मॅगीची इलेक्ट्रिक केटलसुद्धा जप्त करतात.) १९६९ची 'ट्यूब' खुर्ची म्हणजे वेगवेगळ्या जाडीच्या चार नळ्या. एकीत एक घालून पिशवीत भरायच्या आणि घरी हव्या तशा जोडून बसायचं. १९७०ची 'बॉबी' ही ड्रॉइंगच्या सामानाची चाकांची ट्रॉली, फिरत्या कप्प्यांची, ती तर आजही बनते. आणि शेवटी त्याने एक अख्खं घरच डिझाइन केलं. स्वयंपाक, झोपायची जागा, कपाट, न्हाणीघर, असे चार भाग मिळून २८ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३०० चौरस फूट. आम्ही तिघीजणी याच्या निम्म्या जागेत राहतो, तेव्हा मला त्याची तक्रार नाही. पण छोट्या जागेत माणसाने अवघडून राहू नये, वस्तूंनी त्याच्यासाठी हलावं, उघडावं, मिटावं, हा त्याचा ध्यास मला फार आवडला.

ते घर १९७२ मध्ये न्यूयॉर्कला इटालियन डिझाइनच्या मोठ्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. कोलंबोने नाही. ३० जुलै १९७१ला, आपल्या एक्केचाळिसाव्या वाढदिवशी, तो हृदयविकाराने गेला. त्याने एका हातात सिगारेट आणि पेला दोन्ही धरता यावेत म्हणून खास पेलासुद्धा डिझाइन केला होता. ते वाचताना आधी हसू आलं होतं, मग तारीख वाचली आणि हसू गेलं. स्टुडिओ काढल्यापासून जाईपर्यंत जेमतेम नऊ-दहा वर्षं. आपली डिग्री चार वर्षांची आणि आपण म्हणतो वेळ मिळत नाही.

त्याच्यानंतर दोनच वर्षांत, १९७३ला, तेलाचे भाव भडकले आणि प्लास्टिकचं कौतुक ओसरलं. कार्टेल टिकली. १९८८ मध्ये ती कास्तेल्लीच्या जावयाकडे, क्लाउदिओ लुतीकडे गेली आणि १९९९ पासून फिलिप स्टार्कच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या खुर्च्यांनी पुन्हा नावारूपाला आली. कास्तेल्ली २००६ मध्ये वारला. आता तर आपल्याकडेही नाले प्लास्टिकने तुंबतात, २०१८ मध्ये महाराष्ट्रात पिशव्यांवर बंदी आली. प्लास्टिकची बाजू घ्यायला मी हा लेख लिहिलेला नाही. पण पन्नास वर्षं वापरायची खुर्ची आणि पाच मिनिटं वापरायची पिशवी एकच मटेरिअल असून सारखी नाहीत. फरक कुणीतरी केलेल्या विचाराचा आहे.

आज मेसमध्ये जेवण झाल्यावर आपली खुर्ची उलटी करून बघा. बहुतेक खुर्च्यांखाली मध्यभागी एक खडबडीत टिकली सापडेल. वितळलेलं प्लास्टिक तिथून साच्यात शिरलेलं असतं. शेजारी त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, नाता सरांचं. आणि कडा बघा, एकही अगदी सरळ नसेल. प्रत्येकीला ड्राफ्ट आहे.

राहिलेला विषय मी पुढच्या सेमिस्टरला काढला. फाउंड्रीचा जॉब मात्र कोणी सांगितलं नसताना पुन्हा केला. या वेळी आधी चित्र काढलं, पण साचा डोळ्यांसमोर ठेवून. पॅटर्न बाहेर आला, भिंत जागेवर राहिली. काकांनी नुसती मान हलवली आणि पुढच्या मुलाकडे गेले. रात्री मी ट्रंक उघडून ब्रश बाहेर काढले. एका ब्रशचे केस झडले होते, बाकीचे ठीक आहेत.

इंजिनिअरिंग करायला आलीस की चित्रं काढायला, या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मला सुचलं नव्हतं. आता पुन्हा कोणी विचारलं तर मी त्याला ती खुर्ची दाखवणार आहे.