फॉलिक ॲसिडची गोळी आणि कॅन्सरचं औषध, दोन्ही एकाच लॅबमधून देणारे येल्लाप्रगडा सुब्बाराव

घरात कुणी गरोदर असेल तर आशाताईंनी आणून दिलेल्या लाल गोळ्या तुम्ही पाहिल्या असतील. लोह आणि फॉलिक ॲसिडच्या. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागातले असाल तर हत्तीरोगाच्या मोहिमेत आरोग्य कर्मचारी समोर उभं राहून जी गोळी गिळायला लावतात, तीही माहीत असेल. तिचं नाव डीईसी.

या दोन्ही गोळ्यांचा माग काढत गेलं की आपण अमेरिकेतल्या एकाच लॅबमध्ये पोहोचतो, आणि त्या लॅबचा प्रमुख होता आंध्रातल्या भीमावरमचा एक माणूस. येल्लाप्रगडा सुब्बाराव. मुलांच्या ब्लड कॅन्सरवर पहिल्यांदा ज्या औषधाचा गुण दिसला, तेही त्यांच्याच टीमचं. गंमत म्हणजे त्या औषधाची कल्पना आली ती एका फसलेल्या प्रयोगातून.

पण सुरुवातीपासून बघू.

केळी विकायला निघालेला मुलगा

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ चा. घरची परिस्थिती बेताची. तेरा वर्षांचे असताना हे महाशय पैसे कमवायचे म्हणून घरातून पळाले. प्लॅन काय, तर काशीला जायचं आणि यात्रेकरूंना केळी विकायची. वाटेतूनच धरून परत आणलं गेलं. आई वेंकम्मा कडक होत्या, त्यांनी पुन्हा शाळेत बसवलं. मॅट्रिकला दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास.

पुढे मद्रासला शिकताना संन्यास घ्यायचं डोक्यात आलं. रामकृष्ण मिशनकडे गेले. तिथून सांगण्यात आलं की आधी आईची परवानगी आण. आई कसली देतेय परवानगी! मग डॉक्टर होऊन सेवा करू म्हणून त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेज गाठलं.

याच काळात घरावर मोठा आघात झाला. त्यांचे दोन भाऊ काही दिवसांच्या अंतरानं गेले. आजार होता स्प्रू. यात आतडं अन्नातली पोषकद्रव्यं शोषून घेणंच बंद करतं. माणूस जेवतो, पण अंगी काही लागत नाही. जुलाब होत राहतात, रक्त कमी होत जातं आणि माणूस खंगतो. तेव्हा या आजारात शरीराला नेमकं काय कमी पडतं, हेच कुणाला माहीत नव्हतं. हा आजार लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

कॉलेजात असताना गांधीजींच्या हाकेला ओ देऊन सुब्बाराव खादीचा सर्जिकल गाऊन घालू लागले. इंग्रज प्रोफेसरांना ते खटकलं. अभ्यासात कुठेही कमी नसताना त्यांच्या हातात एमबीबीएसऐवजी एलएमएस ही खालच्या दर्जाची पदवी पडली. सरकारी वैद्यकीय सेवेत घेतलं नाही. मग मद्रासच्या एका आयुर्वेद कॉलेजात शिकवायला लागले. १९१९ मध्ये शेषगिरी यांच्याशी लग्न झालं.

थोडे पैसे सासऱ्यांनी दिले, थोडे धर्मादाय संस्थेकडून मिळाले आणि १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बोस्टनला निघाले. हार्वर्डमध्ये उष्णकटिबंधातल्या आजारांचा कोर्स करायचा आणि दोन-तीन वर्षांत परत यायचं, असं ठरलं होतं. ते परत आले नाहीत. मागे मुलगा झाला, तो तान्हा असतानाच वारला. बापानं त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. शेषगिरी वाट बघत राहिल्या. सुब्बाराव यांच्यावर लिहिताना हा भाग दोन ओळींत उरकला जातो. पण त्यांच्या संशोधनाची किंमत मोजणाऱ्यांत शेषगिरींचं नाव पहिलं घ्यायला हवं.

हार्वर्डमध्ये सोळा वर्षांहून जास्त, हातात काय?

बोस्टनला पोटासाठी ते हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करायचे. रुग्णांची बेडपॅन साफ करायची, दिवसा वर्गात बसायचं. पुढे हार्वर्डच्याच बायोकेमिस्ट्री विभागात सायरस फिस्के यांच्या हाताखाली काम मिळालं.

१९२५ मध्ये दोघांनी रक्त आणि लघवीतलं फॉस्फरस मोजायची पद्धत काढली. नमुन्यात रसायनं टाकायची, निळा रंग येतो आणि रंग जितका गडद तितकं फॉस्फरस जास्त. फिस्के-सुब्बाराव मेथड. बायोकेमिस्ट्री शिकलेल्या कुणालाही विचारा, नाव माहीत असेल.

ही पद्धत हातात असल्यामुळेच पुढचा शोध लागला. आपला स्नायू आकुंचन पावतो तेव्हा ताकद कुठून येते? त्या काळात लॅक्टिक ॲसिडचा सिद्धांत चालायचा आणि स्नायूंच्या कामासाठी हिल आणि मायरहोफ यांना १९२२ चं नोबेल मिळालं होतं. फिस्के आणि सुब्बाराव यांनी १९२७ मध्ये स्नायूत फॉस्फोक्रिएटीन नावाचा पदार्थ दाखवला. स्नायू काम करतो तेव्हा तो खर्च होतो, विश्रांती मिळाली की पुन्हा भरतो. १९२९ मध्ये एटीपी. पेशीची ऊर्जा याच रूपात खर्च होते. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनाही स्वतंत्रपणे एटीपी सापडलं. लॅक्टिक ॲसिडचा सिद्धांत मागे पडला.

म्हणजे अकरावीच्या बायोलॉजीत आपण जे एटीपी पाठ केलं, त्याच्या शोधात एक भारतीय नाव आहे.

१९३० मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. पण हार्वर्डनं कायमची नोकरी कधी दिली नाही. श्रेयाचा मोठा वाटा फिस्के यांच्याकडे गेला आणि सुब्बाराव यांनी त्यावर भांडणही केलं नाही. पुढे नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज तेव्हा त्याच विभागात शिकत होते. त्यांनी नंतर सांगून ठेवलंय की सुब्बाराव यांनी वेगळे केलेले काही पदार्थ फिस्के यांनी मत्सरापोटी बाहेर येऊच दिले नाहीत, आणि ते इतरांना काही वर्षांनी पुन्हा शोधावे लागले. गप्प राहणं हा सुब्बाराव यांचा स्वभाव होता हे मान्य, पण त्याचा फायदा संस्थेनं घेतला हेही तितकंच खरं.

मुंबईच्या गिरणी कामगार बायका या गोष्टीत कुठून आल्या?

१९४० मध्ये सुब्बाराव हार्वर्ड सोडून न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर गावात लेडर्ले लॅबोरेटरीजमध्ये गेले. ही औषध कंपनी. तिथे ते संशोधनाचे प्रमुख झाले. त्यांच्यासमोरचं एक मोठं कोडं होतं फॉलिक ॲसिड, आणि या कोड्याचा पहिला धागा मुंबईत सापडला होता.

१९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. इथल्या गरीब गरोदर बायका, त्यातल्या अनेक कापड गिरण्यांत काम करणाऱ्या, एका जीवघेण्या रक्तक्षयानं आजारी पडत होत्या. रक्तातल्या पेशी संख्येनं कमी, पण आकारानं भल्यामोठ्या. विल्स यांनी आहार तपासला, प्राण्यांवर प्रयोग केले. शेवटी मार्माइट या स्वस्त, यीस्टपासून बनणाऱ्या पदार्थानं बायका बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मार्माइटमध्ये काहीतरी होतं. काय ते माहीत नव्हतं, म्हणून त्याला विल्स फॅक्टर म्हणायला लागले.

१९४१ मध्ये टेक्सासच्या संशोधकांनी चार टन पालकातून थोडासा पदार्थ वेगळा काढला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव दिलं. पण टनावारी पालक कुटून औषध थोडंच बनतं? ते प्रयोगशाळेत बनवता यायला हवं होतं. सुब्बाराव यांच्या टीमनं १९४५ मध्ये ते करून दाखवलं. त्या पेपरवर सोळा नावं आहेत आणि सुब्बाराव त्या गर्दीतलं एक.

आता मघाचा स्प्रू आठवा. फॉलिक ॲसिड हातात आल्यावर ते स्प्रूच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं आणि त्यांचं रक्त भरून यायला लागलं. भावांच्या शरीरात जे कमी पडत होतं त्यातली एक महत्त्वाची गोष्ट सुब्बाराव यांच्या लॅबमध्ये तयार झाली होती. फक्त पंचवीसेक वर्षं उशिरा.

औषध दिलं आणि कॅन्सर वाढला

फॉलिक ॲसिड करतं काय? पेशीला दुभंगून दोन व्हायचं असेल तर आधी डीएनएची दुसरी प्रत बनवावी लागते. त्या प्रतीचा कच्चा माल बनवायला फॉलिक ॲसिड लागतं. ते नसेल तर पेशी फुगते, पण दुभंगू शकत नाही. मुंबईच्या बायकांच्या रक्तात दिसलेल्या मोठ्या पेशी म्हणजे नेमकं हेच.

तेव्हा काही प्राण्यांवरच्या प्रयोगांमुळे या कुटुंबातली रसायनं कॅन्सरवर चालतील अशी आशा तयार झाली होती. लेडर्लेनं फॉलिक ॲसिडसारखी दोन रसायनं बनवून डॉक्टरांना दिली. त्यातलं टेरॉप्टेरिन १९४७ मध्ये घशाचा कॅन्सर झालेल्या बेसबॉलपटू बेब रुथलाही देण्यात आलं होतं. बोस्टनचे सिडनी फार्बर यांनी ती रसायनं ल्युकेमिया म्हणजे ब्लड कॅन्सर झालेल्या मुलांना दिली.

फार्बर यांना दिसलं ते भलतंच. कॅन्सरच्या पेशी कमी व्हायच्या सोडून आणखी जोमानं वाढत होत्या.

इथं थांबून विचार करा. आजारी मुलांवरचा प्रयोग उलटलाय. आजच्या नियमांत असा प्रयोग इतक्या घाईनं झालाच नसता आणि तेव्हाही फार्बर यांच्यावर टीका झाली. पण त्या अपयशानं एक गोष्ट स्पष्ट केली. या पेशींना फॉलिक ॲसिडची भूक आहे. खाऊ घातलं की वाढतात, मग उपाशी ठेवलं तर?

सुब्बाराव यांच्या टीमनं फॉलिक ॲसिडची नक्कल बनवली. रेणूत बदल अगदी छोटा. इतका छोटा की पेशीला खरं-खोटं कळत नाही. कुलपात हुबेहूब दिसणारी खोटी किल्ली घातली की ती फिरत नाही, निघतही नाही आणि खरी किल्ली बाहेरच राहते, तसंच. पेशीतलं जे एन्झाइम फॉलिक ॲसिडला कामाला लावतं, त्यालाच हा रेणू अडकवून ठेवतो. डीएनएची प्रत बनणं थांबतं. या औषधाचं नाव अमिनोप्टेरिन.

जून १९४८ मध्ये फार्बर यांचा पेपर आला. सोळा मुलांना औषध दिलं होतं, दहा मुलांत सुधारणा दिसली. सुधारणा तात्पुरती होती, आजार परत आला. तरीही ल्युकेमिया औषधानं मागे हटू शकतो हे जगानं पहिल्यांदा पाहिलं. तोवर या मुलांचं मरण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ठरलेलं असायचं. पेपरच्या लेखकांत सुब्बाराव नव्हते.

आणखीही बरंच काही

त्याच काही वर्षांत लेडर्लेमधून आणखी दोन मोठी औषधं आली. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांना हत्तीरोगाच्या जंतांची लागण झाली होती. त्यावर औषध शोधताना १९४७ मध्ये हेट्राझान सापडलं. हीच आपली विदर्भातली डीईसी. ही गोळी रक्तातली जंतांची पिल्लं मारते, म्हणजे डासामार्फत आजार पुढे जात नाही. सुजलेला पाय मात्र ती पूर्ववत करत नाही, म्हणूनच पायावर काही दिसत नसलं तरी सगळ्यांनी ती घ्यायची असते.

दुसरं औषध ऑरिओमायसिन. टेट्रासायक्लिन गटातलं हे पहिलं अँटिबायोटिक. ते मातीतल्या जिवाणूतून शोधलं बेंजामिन डुगर यांनी, ज्या वयात लोक निवृत्त होऊन बसतात त्या वयात. त्या शोधमोहिमेचे प्रमुख होते सुब्बाराव.

फार्बर यांचा पेपर आल्यानंतर दोनेक महिन्यांत, ऑगस्ट १९४८ मध्ये सुब्बाराव रात्री झोपले ते उठलेच नाहीत. हृदयविकार. वय ५३. त्यानंतर आठवडाभरात बेब रुथ गेला. त्याच्यासाठी अख्खी अमेरिका रडली. सुब्बाराव यांची दखल त्या मानानं फारच थोडी घेतली गेली. अमेरिकेत ते शेवटपर्यंत परदेशीच राहिले. १९२३ च्या एका कोर्टाच्या निकालामुळे भारतीयांना तिथलं नागरिकत्व मिळत नव्हतं. १९४६ मध्ये कायदा बदलला, तरी ते नागरिक झाले नाहीत. भारतानं त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं ते १९९५ मध्ये, जन्माला शंभर वर्षं झाल्यावर.

अमिनोप्टेरिन फार काळ टिकलं नाही. त्याची जागा त्याच लॅबमधून आलेल्या त्याच्या सख्ख्या भावानं घेतली, मेथोट्रेक्सेटनं. १९५६ मध्ये गर्भपिशवीतल्या वारेच्या पेशींपासून होणारा एक दुर्मिळ कॅन्सर एकट्या मेथोट्रेक्सेटनं बरा झाला. मुलांच्या ल्युकेमियात ते आजही इतर औषधांसोबत दिलं जातं आणि श्रीमंत देशांत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारातली दहापैकी नऊच्या आसपास मुलं वाचतात.

आणि तुमच्या ओळखीत कुणाला आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असेल तर त्यांच्याकडेही हेच औषध असण्याची दाट शक्यता आहे. इथं डोस अगदी कमी असतो आणि गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून डॉक्टर वार ठरवून देतात. सोबत त्याच चिठ्ठीवर आणखी एक गोळी लिहिलेली असते, मेथोट्रेक्सेटचा त्रास कमी व्हावा म्हणून दुसऱ्या दिवशी घ्यायची. ती असते फॉलिक ॲसिडची.