लिओ फेंडर : ऐकणाऱ्या कानाचा कारागीर

संगीताचा इतिहास वाचतांना आपण वादकांचीं नांवें सहज स्मरतों; वाद्य घडविणारा कारागीर मात्र बहुधा पडद्याआड राहतो. आज ज्या पुरुषाचें चरित्र येथें सादर करावयाचें आहे, त्याला गिटार वाजवितां येत नसे. तथापि विजेच्या गिटारचा जो आवाज आज सर्व खंडांत ऐकूं येतो, तो घडविण्यांत त्याचा वांटा फार मोठा आहे. त्याच्या मृत्यूस तीस वर्षांहून अधिक काळ लोटला असतांहि, रंगमंचावर वाजविण्यासाठीं कांचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घ्यावा, कीं संगणकाच्या गणितावर चालणारा डिजिटल अँप्लिफायर घ्यावा, हा वाद निघाला म्हणजे त्याच्याच कामाचा दाखला दिला जातो. हा पुरुष म्हणजे अमेरिकेंतील लिओ फेंडर होय.

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजीं कॅलिफोर्नियांत झाला. ॲनाहाईम व फुलर्टन या दोन गांवांच्या मध्यें त्याच्या आईबापांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षीं रोगामुळें त्याचा एक डोळा काढावा लागला व त्या जागीं कांचेचा डोळा बसविण्यांत आला. एवढ्या लहान वयांत आलेल्या या आपत्तीनें एखादा मुलगा खचून गेला असता. पण लिओचें मन दुसरीकडे गुंतलें. नात्यांतील जॉन वेस्ट नांवाच्या गृहस्थांचें मोटारींच्या विजेच्या कामाचें दुकान होतें. त्यांनीं तेरा वर्षांच्या लिओला टाकाऊ सुट्या भागांची एक पेटी पाठविली. पुढें तो त्यांच्या दुकानीं गेला असतां त्यांनीं स्वतः बनविलेला रेडिओ तेथें मोठ्यानें वाजत होता. तो आवाज त्याच्या मनांत कायमचा घर करून राहिला. लौकरच घराच्या एका कोपऱ्यांत त्याची रेडिओदुरुस्ती सुरू झाली.

वीजशास्त्राचें शिक्षण मात्र त्याला शाळेंतून मिळालें नाहीं. कॉलेजांत तो हिशेबनिशी शिकला आणि कारकुनीहि त्यानें तीच केली. पुढें जागतिक मंदीच्या दिवसांत त्याची नोकरी गेली. तेव्हां १९३८ सालीं सहाशें डॉलर कर्ज काढून त्यानें फुलर्टन येथें रेडिओदुरुस्तीचें दुकान थाटलें. दुकानांत गांवचे वादक आपलीं बिघडलेलीं यंत्रें घेऊन येऊं लागले. कोणता भाग आधीं जळतो, कोणता सांधा प्रवासांत सुटतो, कोणतें यंत्र उघडण्यास सोपें व कोणतें डोकेदुखीचें, हें सर्व फेंडर यांस या दुरुस्तीच्या टेबलावरच समजलें. त्यांचें खरें विद्यालय तें हेंच.

त्या काळचीं हीं यंत्रें व्हॉल्व्हवर चालत. आपल्या आजीआजोबांच्या घरीं असा रेडिओ असेल, तर कळ दाबल्यावर तो तापून बोलूं लागेपर्यंत थांबावें लागे, हें त्यांना आठवत असेल. कांचेच्या निर्वात नळींत एक भाग तापविला कीं त्यांतून विद्युत्कण बाहेर पडतात व समोरच्या पत्र्याकडे धांवतात. मध्यें एक जाळी असते. तिच्यावर आलेला अगदीं क्षीण विद्युत्दाबहि या कणांचा मोठा ओघ कमीअधिक करूं शकतो. अमेरिकेंतील ली डी फॉरेस्ट यांनीं १९०६ सालीं ही जाळी बसविली, आणि क्षीण ध्वनि मोठा करण्याचा मार्ग खुला झाला. गिटारच्या तारेच्या कंपनानें निर्माण झालेला बारीकसा विद्युत्प्रवाह सबंध सभागृहांत ऐकूं जाईल इतका प्रबळ होतो, तो याच युक्तीनें.

१९४५ सालीं डॉक कॉफमन यांच्याबरोबर फेंडर यांनीं गिटारी व अँप्लिफायर बनविण्यास प्रारंभ केला. पुढच्याच वर्षीं कॉफमन बाजूला झाले व फेंडर यांची स्वतःची कंपनी उभी राहिली. १९५१ सालीं टेलिकास्टर हें नांव धारण करणारी व १९५४ सालीं स्ट्रॅटोकास्टर ही गिटार त्यांच्या कारखान्यांतून बाहेर पडली. अँप्लिफायर तर वर्षानुवर्षें सुधारत राहिले. त्यांची पद्धति साधी होती. नवें यंत्र वादकाच्या हातीं द्यावें, नाचघरांत जाऊन तें कसें वाजतें हें स्वतः ऐकावें, तक्रार निमूटपणें ऐकून घ्यावी आणि परत येऊन यंत्र बदलावें. १९६० च्या सुमारास डिक डेल हा तरुण वादक इतक्या जोरानें वाजवी कीं, अँप्लिफायर व त्याचे स्पीकर जळून जात. फेंडर व त्यांचे सहकारी फ्रेडी टावारेस बाल्बोआ येथील नाचघरांत जाऊन त्या तुडुंब गर्दींत उभे राहिले, तेव्हां त्यांना उलगडा झाला. दोष वादकाचा नव्हता. यंत्र अपुरें होतें. त्यांतूनच अधिक शक्तीचा शोमन हा अँप्लिफायर जन्मास आला.

यापुढील हकीकत मोठी विलक्षण आहे. फेंडर यांस स्वच्छ, खणखणीत स्वर आवडे. व्हॉल्व्हवर शक्तीबाहेर भार पडला म्हणजे आवाज फाटतो. तो फाटूं नये म्हणून ते झटत होते. परंतु व्हॉल्व्ह एकाएकीं हार मानीत नाहीं. ध्वनिलहरींचे माथे तो हळूहळू वाटोळे करतो, आणि त्या योगें मूळ स्वरांत नवे उपस्वर मिसळतात. वादकानें तार हळू छेडली तर आवाज निर्मळ राहतो, जोरानें छेडली तर तो खरखरीत व करुण होतो. सारी सत्ता बोटांच्या हातीं राहते. १९६२ सालीं लंडनच्या पश्चिम भागांतील हॅनवेल येथें जिम मार्शल या दुकानदारानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं फेंडर यांच्याच बासमन अँप्लिफायरच्या धर्तीवर आपला अँप्लिफायर तयार केला. १९६६ सालीं एरिक क्लॅप्टन यानें असा अँप्लिफायर मुद्दाम मोठ्या आवाजावर लावून ध्वनिमुद्रण केलें, आणि ज्याला आजवर दोष म्हणत होते तोच गुण ठरला. पुढें जिमी हेंड्रिक्स यानें त्या गुणाचें महाकाव्यच केलें.

दीर्घ आजारामुळें फेंडर यांनीं जानेवारी १९६५ मध्यें आपली कंपनी सी. बी. एस. या मोठ्या संस्थेस सुमारें १ कोटि ३० लक्ष डॉलरांस विकली. नव्या मालकांनीं १९६६ सालीं व्हॉल्व्ह काढून ट्रान्झिस्टरचे अँप्लिफायर आणले. पण वादकांना ते रुचले नाहींत व कांहीं वर्षांतच बंद पडले. फेंडर मात्र बरे झाल्यावर स्वस्थ बसले नाहींत. प्रथम म्युझिक मॅन व नंतर जी. अँड एल. या कंपन्यांतून ते वाद्यें घडवीतच राहिले. कंपवाताने पीडित असतांहि त्यांनीं काम सोडलें नाहीं. २१ मार्च १९९१ रोजीं, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें.

त्यानंतर काळ पालटला. १९९६ पासून डिजिटल अँप्लिफायर बाजारांत येऊं लागले. ते तारेच्या कंपनाचें आंकड्यांत रूपांतर करतात व जुन्या व्हॉल्व्ह यंत्रांत त्याचें काय झालें असतें याचें गणित क्षणार्धांत सोडवितात. २०१९ सालीं खुद्द फेंडर कंपनीनेंच आपल्या ट्विन रिव्हर्ब या यंत्राची डिजिटल प्रतिकृति काढली. मूळ यंत्राचें वजन सुमारें २९ किलो, तर प्रतिकृतीचें सुमारें १५ किलो. व्हॉल्व्ह तापतात, झिजतात, फुटतात. आंत चारशें व्होल्टांच्या आसपास दाब असतो व कळ बंद केल्यावरहि तो कांहीं काळ टिकूं शकतो, म्हणून मुलांनीं असें यंत्र कदापि उघडूं नये. घरच्या सरावाला, प्रवासाला व शेजाऱ्यांच्या शांततेला डिजिटल यंत्रच सोईचें, हें पालकांनीं खुशाल मानावें. ध्वनिमुद्रण ऐकून दोहोंतील भेद ओळखणें पुष्कळदां अवघड जातें, हेंहि खरें.

मग पुष्कळ वादक रंगमंचावर तें जड ओझें कां वाहतात ? कारण तेथें केवळ श्रोत्यांच्या कानाचा प्रश्न नसतो, वादकाच्या हाताचा असतो. बोटांनीं दाब दिला कीं व्हॉल्व्ह दबतो, सोडला कीं फुलतो. वादक व यंत्र यांचा जणूं संवाद चालतो. निवडीला शेंकडों आवाज नसतात. चार खुंट्या असतात, आणि जें काय साधावयाचें तें हातानेंच साधावें लागतें. शिवाय यंत्र बिघडलें तर कसबी कारागीर एकेक भाग बदलून तें पुन्हां बोलकें करूं शकतो, कारण तें एका दुरुस्ती करणाऱ्यानेंच रचलें आहे. नवें यंत्र ज्याची हुबेहूब नक्कल करण्यासाठीं इतका खटाटोप करतें, तें मूळ हातीं असतांना सभेपुढें उभें राहणाऱ्यानें मूळच घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

मित्रहो, फेंडर यांच्या चरित्रांतून घेण्याजोगा बोध मात्र यंत्राहून मोठा आहे. त्यांना एक डोळा नव्हता, वादनाची कला नव्हती, विद्यापीठाची पदवी नव्हती. शुभवर्तमानांतील विश्वासू चाकराप्रमाणें, जें थोडें हातीं होतें तें त्यांनीं पुरून ठेविलें नाहीं. दुसऱ्याची अडचण कान देऊन ऐकणें, एवढेंच त्यांचें भांडवल. आणि त्यांनीं घडविलेल्या यंत्रांनीं, त्यांच्या स्वतःच्या आवडीपलीकडे जाऊन, इतरांच्या हातांना वाचा दिली. आपणांपैकीं ज्यांना आपल्या उणिवेचें दुःख वाटत असेल, त्यांनीं हें चरित्र अवश्य स्मरावें.