रमाबाईंचे बायबल

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला आणि मला आपला इतिहासाचा तास आठवला. समाजसुधारकांच्या यादीत पंडिता रमाबाई, पुढे शारदा सदन, १८८९. परीक्षेला तेवढे पुरत असे. बायबलच्या ज्या भाषांतराला त्यांनी शेवटची पंधराहून अधिक वर्षे दिली, त्याबद्दल काही शिकल्याचे मला तरी आठवत नाही.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला होता. त्याच आईने रमाबाईंना शिकवले. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर देशभर पायी फिरत त्या १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या, तिथे पंडिता ठरल्या. मग बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न, मुलगी मनोरमा आणि दोन वर्षांच्या आत वैधव्य.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजला सिस्टरांकडे राहून त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. माझ्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते. चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुषांनाही शिकवावे अशी कल्पना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवले तर मायदेशी तिचा मान जाईल म्हणे! भरसभेत शास्त्रीपंडितांपुढे बोललेल्या बाईला हे ऐकून काय वाटले असेल? त्रैक्याच्या शिकवणुकीवरूनही खटके उडाले. सिस्टरांचे म्हणणे, चर्च सांगते ते मान. रमाबाईंचे म्हणणे, बायबल मी स्वतः वाचीन आणि मनाला पटेल ते स्वीकारीन. एका धर्मातल्या पुरोहितांच्या हुकमातून सुटून दुसऱ्या धर्मातल्यांच्या हुकमात जायची त्यांची तयारी नव्हती.

पुढे केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. दुष्काळातून आणलेल्या शेकडो स्त्रिया आणि मुली तिथे शिकू लागल्या. त्यांच्या हाती द्यायला जे मराठी बायबल होते, ते रमाबाईंना संस्कृत शब्दांनी जड झालेले वाटले. खेड्यातल्या बाईला ते कळणार कसे? संस्कृत ज्यांच्या जिभेवर होते त्यांनीच ही तक्रार करावी, हे मला फार आवडते. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले आणि मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल स्वतः मराठीत आणले. अमेरिकेत ज्युलिया स्मिथ या बाईंचे असे एकटीने केलेले भाषांतर १८७६ साली छापले गेले होते. तशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच.

आपण वसईकर कॅथलिक, त्या प्रॉटेस्टंट. आपल्याला सोपे मराठी बायबल म्हटले की २०१० चे फादर दिब्रिटोंचे सुबोध बायबल आठवते. पण आपल्या वर्गातल्या मुलींना दुसरीही एक गोष्ट आठवत असेल. मिस्साच्या वेळी वेदीवर सेवेला फक्त मुलगे असत आणि आपण बाकांवरून बघत असू. मुलींना ती परवानगी रोमने १९९४ मध्ये दिली. वाचकाचे अधिकृत पद स्त्रियांसाठी खुले व्हायला २०२१ उजाडले.

मनोरमा १९२१ मध्ये गेली. मुलीच्या पश्चात रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले. बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. ते छापले केडगावच्याच छापखान्यात, मुक्तीतल्या बायकांनी.