मफिनच्या रेसिपीत मैद्याचा कप सपाटच का भरायचा? वाचा फॅनी फार्मर यांची गोष्ट

वरून दालचिनीचा कुरकुरीत क्रम्ब घातलेले मफिन्स घरी करायचे म्हणून रेसिपी उघडली, की आधी मापंच दिसतात. मैदा इतके कप, बेकिंग पावडर इतके टीस्पून, दालचिनी पूड इतकी. कप भरून वरचा मैदा सुरीने सपाट करायचा, हेही सांगितलेलं असतं.

ही सवय घराघरांत नेण्याचं मोठं श्रेय फॅनी मेरिट फार्मर यांना दिलं जातं.

फॅनी यांचा जन्म २३ मार्च १८५७ रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात झाला. मुलींनी शिकलं पाहिजे, असं मानणारं हे घर होतं. फॅनी कॉलेजात जाणार हे जवळपास ठरलेलंच होतं. पण सोळाव्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. शाळा सुटली आणि पुढची काही वर्षं घरातच गेली. नंतर त्या चालू लागल्या, पण पाय कायमचा अधू राहिला.

घरी असतानाच त्या स्वयंपाकात रमल्या. वयाच्या तिशीत त्यांनी बोस्टन कुकिंग स्कूलमध्ये प्रवेश घेतला आणि १८८९ मध्ये शिक्षण पूर्ण केलं. हुशारी पाहून संस्थेने त्यांना तिथेच ठेवून घेतलं. पुढे त्या तिथल्या प्रमुख झाल्या.

तेव्हाच्या अनेक रेसिपींमध्ये अंड्याएवढं लोणी, चहाचा कपभर पीठ अशी मापं असायची. पण प्रत्येक घरातला कप वेगळा. भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. मफिनचं तसं नाही. एकदा ट्रे ओव्हनमध्ये गेला की चूक सुधारता येत नाही. मैदा दाबून भरला तर मफिन कोरडा होतो, बेकिंग पावडर जास्त झाली तर फुगून मध्येच बसतो.

मापाचे कप आणि चमचे फॅनी यांच्या आधीही होते. त्यांच्याच संस्थेतल्या मेरी लिंकन यांनीही मापांवर भर दिला होता. फॅनी यांनी मात्र सपाट कप आणि सपाट चमचा हा नियमच करून टाकला.

१८९६ मध्ये त्यांचं ‘द बोस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ आलं. पुस्तक खपेल याची प्रकाशकाला खात्री नव्हती. त्यामुळे पहिल्या ३,००० प्रतींचा खर्च फॅनी यांनीच उचलला, हक्कही स्वतःकडे ठेवले. पुस्तक तुफान चाललं आणि त्याचा फायदा थेट त्यांना झाला.

१९०२ मध्ये त्यांनी स्वतःची स्वयंपाकशाळा काढली. गृहिणी आणि नर्सेसना त्या शिकवत. आजाऱ्यांच्या आहारावर त्यांनी हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात व्याख्यानं दिली. याच विषयावरचं त्यांचं पुस्तक १९०४ मध्ये आलं. आजारपणात अनेक वर्षं काढलेल्या फॅनी यांना हे काम सगळ्यात महत्त्वाचं वाटायचं.

शेवटच्या वर्षांत त्या व्हीलचेअरवर होत्या, तरी शिकवणं थांबलं नाही. जानेवारी १९१५ मध्ये त्यांचं निधन झालं. त्याच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत त्या व्याख्यान देत होत्या.

हाताला अंदाज यायला वर्षं लागतात, शिकवायला घरात कुणीतरी जाणतं लागतं. नेमकं माप लिहिलेलं असेल, तर पहिल्यांदाच ओव्हन लावणाऱ्यालाही मफिन जमू शकतो. फॅनी यांच्या कामाचं मोल इथे आहे.